मावा मारायचं औषध

६ फेब्रुवारी १९५८, गुरुवार

ऑफिसची डायरी वेगळी. तिच्यात रोज किती मैल सायकल मारली, किती शोषखड्डे खणवले, किती सभा घेतल्या ते लिहायचं, आणि महिनाअखेरीला ती इंदापूरला साहेबांच्या टेबलावर जाते. 'आज काहीच झालं नाही' असं लिहायची तिच्यात सोय नाही. म्हणून आज बारामतीच्या बाजारातून ही दुसरी वही आणली. ही कुणी तपासणार नाही.

ग्रामसेवक होऊन मला आठ महिने झाले. पाच वाड्या माझ्याकडे. मुक्काम ह्या वाडीत, काटेवाडीच्या पुढे इंदापूरच्या रस्त्याला. पाटाचं पाणी असल्यामुळे माळवं भरपूर आहे: वांगी, कोबी, मिरची. लोक मला बसायला घोंगडं टाकतात, चहा पाजतात आणि मी सांगितलेलं काही करत नाहीत. कंपोस्टचा खड्डा खणवला तर त्यात कोंबड्या बसतात. आबासाहेब इथले मोठे बागायतदार. ते म्हणतात, "ग्रामसेवक, तुमचं समदं खरं हाय. पर आमचं बी चाललंय की."

आता मात्र त्यांच्या दोन एकर वांग्यावर मावा पडलाय. पानं खालून काळी, वरून चिकट. तंबाखूचं पाणी मारून झालं, राख उधळून झाली. परवा ते स्वतः माझ्या खोलीवर आले. पहिल्यांदाच.

साहेबांनी नव्या औषधाचे सहा डबे दिलेत. परदेशी आहे. म्हणाले, "रावजी, हे एकदा दाखव. मग लोक तुझ्या मागे फिरतील."

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रात्यक्षिक झालं. घागरभर पाण्यात एक टोपण टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. वास लसणासारखा, पण उग्र. काठी आखूड पडली म्हणून मी कोपरापर्यंत हात घालून ढवळलं.

पंप पाठीवर घेतला गेणबाने. हा आबासाहेबांकडचा गडी, जातीचा धनगर. पाच-सहा वर्षांपूर्वी मेंढरं विकून इथे स्थायिक झाला. पाठ अशी की पंप तिच्यावर खेळण्यासारखा दिसतो. पंपाच्या झाकणातलं रबरी वायसर गेलंय, त्यामुळे त्याची बंडी मागून भिजत होती. मी म्हणालो, थांब, दुरुस्त करून घेऊ. तर म्हणाला, "असू द्या सायब. गार वाटतंय."

कागदावर लिहिलंय की रबरी हातमोजे घालावेत. इथे कुणाच्या पायात रबरी चप्पल नाही. साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "ते थंड देशातल्या लोकांसाठी असतं रे."

९ फेब्रुवारी, रविवार

मावा मेला! एका रात्रीत! पान उलटं केलं तर नुसता काळा भुसा. फुंकर मारली की उडतो. आबासाहेबांनी चार पानं स्वतः उलटून पाहिली, मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आयला." आठ महिन्यांत माझ्या कामाला मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवसांत सात जण येऊन गेले. कुणाची कोबी, कुणाची मिरची. पंप एकच आणि तो चालवायचा गेणबानेच, असं आपोआप ठरून गेलंय. लोक त्याला आता 'औषदवाला' म्हणतात. तो लाजतो, पण त्याला आवडतं. एकेकाळी दोनशे मेंढरांचा धनी असलेला माणूस परक्याच्या बांधावर राबत होता. आता त्याला बोलवायला लोक सकाळी घरी येतात.

औषधाबरोबर आलेला इंग्रजी कागद मराठीत उतरवला आणि चावडीच्या भिंतीला लावला. प्रमाण, वेळ, वाऱ्याची दिशा, सगळं. शेवटचा परिच्छेद सोडून दिला. त्यात डॉक्टरी नावं आहेत, माझ्या डिक्शनरीत सापडत नाहीत, आणि शेतकऱ्याला त्यांचा काय उपयोग?

आबासाहेबांच्या रानात वांगी तोडणाऱ्या बायका आज दुपारीच घरी गेल्या. चंद्राबाई म्हणाली, डोकं चढलंय, मळमळतंय. उन्हं तापायला लागलीत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज गेणबाचा राग आला. मिरचीत पंप मारून तिसऱ्या प्रहरी आला तो पाय टाकतोय एकीकडे आणि पडतोय दुसरीकडे. अंग घामाने निथळतंय, तोंडातून लाळ. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "डोळ्याम्होरं धुरळा आल्यागत वाटतंय सायब. समदं बारीक दिसतंय."

दारूबंदी आहे म्हणून दारू नाही असं थोडंच आहे. पाटाच्या पलीकडे भट्टी लागते हे फौजदार सोडून सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला म्हणालो, "गेणबा, लोक तुला मान देतायत, तो टिकव." त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पंप धुवायला गेला. त्याला काही बोलायचं होतं असं आता वाटतंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी गेणबा ठणठणीत. म्हणजे दारूच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मलाच चष्मा लागणार असं दिसतंय. वर्तमानपत्राची अक्षरं एकमेकांत मिसळतात. खोलीत भर दुपारी अंधार वाटतो. वडिलांना चाळिशीत लागला, मला चोविसाव्या वर्षीच. पगार झाला की बारामतीला डोळे दाखवून येईन.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेणबाची शेळी मेली. पंप जिथे धुतो तिथल्या डबक्यावर गेली होती म्हणे. उभी थरथरत होती, तोंडाला फेस, मग चारी पाय ताठ. गेणबाची बायको म्हाळसा दारात बसली होती. मी विचारपूस करायला थांबलो तर डोक्यावरचा पदर ओढून ती गेणबाकडे बघत म्हणाली, "सायबास्नी सांगा की." तो म्हणाला, "काय सांगायचं? तू गप." मला पुढे सभेला जायचं होतं. मी निघालो.

शेळ्यांची लस मागवायला हवी. ऑफिसच्या डायरीत तसं लिहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहिता आलं नाही. हे सगळं कालचंच. झालं तसं लिहितो.

कोबीच्या फडात गेणबा सलग तिसऱ्या दिवशी पंप मारत होता. अकराच्या सुमाराला तो बांधावर बसला. मी घागरीशी होतो. मला वाटलं दम खातोय. मग तो ओकला. जवळ गेलो तर तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, नाक वाहत होतं, डोळ्यांतून पाणी, धोतर खराब झालेलं. आणि अंग! माशी बसली की बैलाची कातडी जशी थरारते, तशी त्याची कातडी थरारत होती. दंड, छाती, पोटऱ्या, पापण्यासुद्धा. माशी मात्र कुठेच नव्हती.

माणसं जमली. कुणी म्हणालं पान लागलं. दोघांनी पायावर सापाचे दात शोधले. सापडले नाहीत. कुणी म्हणालं, मेंढरं इकली तवापास्नं बिरोबा कोपलाय, देवळात न्या. म्हाळसा धावत आली. तिने एकदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आबासाहेबांना म्हणाली, "गाडी जुंपा. बारामतीला न्यायचं." जुंपलेल्या गाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून गुळाच्या ढेपी नेणाऱ्या ट्रकमध्ये ढेपींवर आडवं घालून नेलं. वाटेत त्याचा श्वास हुक्क्यासारखा वाजत होता. भिजलेल्या बंडीसकट त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी वर केली. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. त्यांनी मला विचारलं, "अफू खातो?"

मी म्हणालो, "माहीत नाही. पितो असं लोक म्हणतात."

हे मी म्हणालो. वहीत तरी खोटं लिहायचं नाही.

म्हाळसा मागून ओरडली, "बिरोबाची आण! थेंबाला शिवला न्हाय त्यो कदी!"

डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "अफूने बाहुली अशी होते, पण तोंड कोरडं पडतं. ह्याचं तर वाहतंय. पटकी म्हणावी तर हे थरथरणं कसलं? काहीच एकाशी एक जुळत नाही." मग पुन्हा माझ्याकडे वळले. "हा सकाळपासून काय करत होता?"

मला उत्तर माहीत होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. मला वाटत होतं, औषधाचा आणि ह्याचा काही संबंध नाही. आणि संबंध नाही तर मग मी बोलत का नव्हतो, तेही कळत नव्हतं.

म्हाळसा म्हणाली, "औषद मारत हुता. सरकारी. पंधरा दीस झालं."

"कसलं औषध?"

औषधाबरोबरचा इंग्रजी कागद माझ्या खिशातच होता. तो मी दिला. डॉक्टरांनी पहिली तीन पानं पाहिलीच नाहीत. चौथ्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं, ओठ हलवत वाचलं आणि कंपाउंडरला हाक मारली, "ॲट्रोपीन! असतील तेवढी!"

मी सोडून दिलेला परिच्छेद तोच.

पुढचे तीन तास काय चाललं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. कंपाउंडरने आणि म्हाळसाने गेणबाचे सगळे कपडे काढून त्याला साबणाने दोनदा धुतलं. डॉक्टर टोचायचे, बाहुली बघायचे, तोंडात बोट घालून बघायचे, पुन्हा टोचायचे. एकदा थांबून म्हणाले, "एवढं मी कुणालाच दिलेलं नाही. दुसऱ्या माणसाला दिलं तर तो ह्यानेच मरेल." आठ कुप्या संपल्या. आणखी कुप्या आणायला मला गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, मग सरकारी दवाखान्यात पिटाळलं. धावताना दोनदा ठेच लागून पडलो. पायरीच दिसली नाही.

चारच्या सुमाराला गेणबाच्या छातीतली घरघर थांबली. ओठ कोरडे पडले. त्याने पाणी मागितलं. डॉक्टर खाली जमिनीवरच बसले. बावीस कुप्या झाल्या होत्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गेणबा जिवंत आहे. काल सबंध दिवस डॉक्टरांनी त्याला सुई चालूच ठेवली. डोळे उघडतो, पण ओळखीचं माणूसही अगदी जवळ आल्याशिवाय ओळखत नाही. हातपाय अजून थरथरतात.

आज डॉक्टरांनी मला समोर बसवलं. मी म्हणालो, कातडीला लागलेलं औषध आत कसं गेलं, आणि गेलं तर एकाच वेळी डोळे, पोट, छाती, पाय ह्या सगळ्यांना कसं बाधलं? विषाला एक जागा असते ना?

ते म्हणाले, "ह्याची जागा मज्जातंतूंत आहे. आणि ते कुठे नसतात?"

त्यांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं. आधी एक कांद्यासारखा ठिपका, त्याला मुळ्यांसारख्या फांद्या. ही पेशी. मग ठिपक्यातून एक रेघ काढली ती कागद संपेपर्यंत, आणि कागद संपल्यावर टेबलावरून थेट माझ्या हातापर्यंत बोट ओढत आणली. "हीसुद्धा त्याच पेशीचा भाग. तुमच्या कमरेतून निघालेला एकेक तंतू पायाच्या अंगठ्याजवळच्या स्नायूपर्यंत जातो. पेशी एक, लांबी दोन हात." मला ते खरं वाटलं नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला पेशी म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यातल्या विटा असं शिकवलं होतं.

"निरोप ह्या तंतूतून विजेसारखा पळतो," ते म्हणाले. "पण टोकाला पोचला की अडतो. कारण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते."

"फट? मग हात कसा हलतो?"

"तंतूचं टोक त्या फटीत एक रस सोडतं. स्नायूला रस लागला की तो आवळतो. काही ठिकाणी दोन पेशींच्या मध्येही अशीच फट असते, तिथेही रसानेच निरोप पुढे जातो. लाळेच्या ग्रंथीला रस लागला की लाळ सुटते."

मी विचारलं, "आणि रस संपला की?"

"तोच खरा प्रश्न आहे. संपत नाही, संपवावा लागतो. तुमच्याकडे दारं धरणारा काय करतो?"

मी म्हणालो, वाफा भरला की दार बंद करतो, पाणी पुढच्या वाफ्याला लावतो.

"तसं त्या फटीत रस मोडणारं एक द्रव्य असतं. निरोप पोचला की पापणी लवायच्या आत ते रसाचा निकाल लावतं. म्हणून स्नायू सैल पडतो, पुढच्या निरोपाला तयार होतो. तुमचं औषध त्या दारं धरणाऱ्याला मारतं. पाणी येतच राहतं, वाफे फुटतात. स्नायूला सारखा एकच हुकूम: आवळ, आवळ, आवळ. तो थरथरतो, मग थकून निकामी होतो. श्वासाचे स्नायूही त्यातच आले."

मग इंजेक्शनने काय झालं, तर लाळ, घाम, छातीतला कफ जिथून सुटतो तिथे रस लागतच नाही, त्याची जागा हे इंजेक्शन अडवून बसतं. पण हातापायांच्या स्नायूंपाशी ह्याचं काही चालत नाही. म्हणून थरथर राहिली. ते रस मोडणारं द्रव्य शरीराला नव्याने तयार करावं लागेल. कित्येक आठवडे.

मी सगळं ऐकलं आणि गोंधळ वाढला. ज्या रसाने गेणबा पंप उचलतो, त्याच रसाने तो गुदमरला? आणि मग मावा? मावा तर एवढासा, हिरवा, त्याला रक्त तरी आहे का? डॉक्टर म्हणाले, "त्यालाही मज्जातंतू असतात. तिथेही फटी. तोही असाच थरथरून मेला असणार. तुम्ही पाहिलं नाहीत, इतकंच. औषधाला मावा आणि गेणबा ह्यांत फरक कळत नाही."

मग म्हणाले, "जरा खिडकीकडे तोंड करा."

मी केलं.

"किती दिवस ढवळताय?"

"पहिल्या दिवसापासून."

"हाताने?"

मी हो म्हणालो. त्यांनी कंपाउंडरला बोलावून माझे डोळे दाखवले, जसे काही मी तिथे नव्हतोच. चष्म्याचं मी बोललो तेव्हा ते हसले नाहीत. डब्याला महिनाभर हात लावायचा नाही, असं बजावलं. ती भिजलेली बंडी बारामतीपर्यंत माझ्या मांडीवर होती, हे मी सांगितल्यावर माझी धोतरं जाळायला सांगितली. दोन्ही.

१ मार्च, शनिवार

साहेब जीपने वाडीवर आले. गेणबाला भेटायला दवाखान्यात मात्र गेले नाहीत. चावडीवर दार लावून माझ्याशी बोलले. त्यांनी लिहूनच आणलं होतं: मजुरास अफूचे व्यसन असल्याचे समजते, डॉक्टरांनीही प्रथम तसेच निदान केले. खाली माझ्या सहीची जागा.

"ह्यात खोटं काय आहे?" ते म्हणाले. "डॉक्टरांनी विचारलं नव्हतं अफूचं?"

विचारलं होतं. प्रत्येक शब्द तसा खरा आहे. सगळे मिळून खोटे कसे होतात, हे मला तिथल्या तिथे मांडता येईना. मी म्हणालो, "साहेब, कागदावर सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "मीही वाचलं नव्हतं." त्यांना तीन मुली आहेत, मोठीचं ह्या वैशाखात लग्न आहे. पाणी मागितलं तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला त्यांचा रागही नीट येईना.

मी सही केली नाही. नाहीही म्हणालो नाही. म्हणालो, विचार करतो. जाताना ते म्हणाले, "आठ तारखेला डाळजला प्रात्यक्षिक ठरलंय. दोन डबे उरलेत ना? वरून तारीख पक्की झाली आहे."

४ मार्च, मंगळवार

गेणबाला घरी आणलं. काठी धरून दहा पावलं टाकतो आणि बसतो. भाकरीचा तुकडा तोडताना बोटं ऐकत नाहीत, म्हाळसा कुस्करून देते. मला पाहून म्हणाला, "सायब, पंपाचं वायसर तेवढं घ्या करून. म्या बरा झालो की लागंल." मी काठी त्याच्या हाताशी सरकवली.

बाहेर आल्यावर म्हाळसाला म्हणालो, "बाई, हे माझ्यामुळे झालं. औषध मी आणलं. त्या दिवशी दवाखान्यात मी गप्प बसलो, तेही." पुढे तिला तंतू, फट, रस असं काहीबाही सांगत बसलो. डॉक्टरांसारखं जमलं नाही. तिने मध्ये तोडलं नाही.

शेवटी म्हणाली, "मला पयल्याच आठवड्यात कळलं हुतं. पंप मारून आलं की त्यांचा डोळा बारीक व्हायाचा. मेंढरू जहरी पाला खातं तवा आमी आदी डोळाच बगतो, मग तोंड. ल्हानपनापास्नं बगतोय. शेळी मेली तवा तर पक्कं कळलं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी कवा इचारलं?"

ती रागाने बोलली नाही. राग असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुमी यायचा, आबासायबास्नी इचारायचा, गड्यास्नी इचारायचा. बाईमानसाला सायब काय इचारतोय? आन् धनी म्हनायचा, गप, मानूस मान देतंय."

खोलीवर येऊन साहेबांचा कागद फाडला. जे झालं ते दोन पानी लिहिलं, त्या परिच्छेदाचं भाषांतर खाली जोडलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या अर्थासकट. उद्याच्या टपालाने इंदापूरला जाईल. नोकरी राहील की नाही माहीत नाही. आपण बरोबर केलं असं वाटावं, तसंही वाटत नाही. आईला काय लिहू?

८ मार्च, शनिवार. डाळज

इंदापूरहून उत्तर नाही. प्रात्यक्षिक रद्द झाल्याचाही निरोप नाही. तेव्हा जावं तर लागणारच होतं. दोन्ही डबे पोत्यात गुंडाळून, सायकलच्या मागे बांधून नेले.

देवळासमोर पन्नासेक माणसं होती. मी ठरवलं होतं की आधी सगळं सांगायचं. सांगितलं. गेणबाचं, शेळीचं, माझं. जमिनीवर काडीने पेशी काढली, लांब रेघ काढली, फट दाखवली. रस कसा सुटतो, कसा मोडतो, औषधाने काय होतं. बावीस कुप्या. अर्धा तास बोललो. नऊ महिन्यांत इतकं शांतपणे मला कुणी ऐकलं नव्हतं.

माझं झाल्यावर पुढे बसलेले अप्पा, तिथले सगळ्यांत जुने बागायतदार, म्हणाले, "म्हंजी लई जालीम हाय म्हना की."

मी म्हणालो, होय.

"मावा ऱ्हानार न्हाय?"

"मावा राहणार नाही."

"मंग डबं सोडा की सायब. कोबी चाललीय आमची."

सगळे हसले. माझ्यावर नाही, सुटल्यासारखे हसले. मी त्यांना भीती घालायला अर्धा तास बोललो होतो आणि त्यांच्यापर्यंत नुसता भरवसा पोचला होता. कोबी खरोखरच चालली होती, येताना मी पाहिली. पानांच्या पन्हाळ्या झाल्या होत्या. नाही म्हटलं तर ही माणसं उद्या भिगवणहून, कुठून तरी हेच आणतील, कागदाशिवाय.

मी विचारलं, पंप कोण मारणार? एक तरणा गडी उठला. मी म्हणालो, "तुमच्या घरच्यांना बोलवा."

पुन्हा हसू. पण बोलावलं. तानूबाई नाव त्याच्या बायकोचं. हाताला माती तशीच, रानातून आली होती. गडीमाणसांसमोर येऊन खाली बघत उभी राहिली. मी तिला सांगितलं: हा घरी आला की आधी अंग साबणाने धुवायला लावायचं, कपडे वेगळे. मग उजेडात डोळा बघायचा. बाहुली बारीक दिसली, लाळ सुटली, घाम फुटला की कुणाचं ऐकायचं नाही, थेट दवाखाना, आणि मी उतरवलेला हा कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा. तिच्याकडून ते म्हणून घेतलं. तिने एकदाही न चुकता म्हटलं.

मला बरं वाटलं. गेणबा पडल्यापासून पहिल्यांदा वाटलं की काहीतरी हाती लागलंय. मी डब्याचं पोतं सोडायला वाकलो.

तानूबाई अजून उभीच होती. म्हणाली, "एक इचारू का?"

"विचारा."

"ह्यांचा डोळा म्या बगीन. दुसऱ्या दिशी कोबी तोडायला आमी बायाच जातो. उगड्या हातानं. आमचा डोळा कुनी बगायचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तीही बघत होती, आता खाली नाही. फवारल्यावर किती दिवसांनी पिकाला हात लावावा, ते मूळ इंग्रजी कागदावर कुठे लिहिलंय का, मला आठवेना, आणि तो कागद माझ्या दोन पानांबरोबर इंदापूरला गेला होता. लिहिलं असलं तरी मी ते भाषांतरात घेतलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाई."

पोतं पुन्हा बांधलं. अप्पा बरंच काही बोलले, एक-दोघं चिडलेही. मी डबे उघडले नाहीत. आज मुक्काम इथेच, धर्मशाळेत. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने बारामतीला जाणार, डॉक्टरांकडे. प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतलाय, म्हणजे विचारताना माझ्याकडून काही गाळलं जायला नको.